दोन बॅटऱ्यांची जोडी

गाडीला एका बैलाऐवजी दोन बैल जुंपले, तर गाडी दुप्पट वेगाने पळते काय? नाही. ओझे वाटले जाते, बैल उशिरा थकतात आणि पल्ला लांबतो. बॅटरीची गोष्ट थोडी निराळी आहे. दोन बॅटऱ्या एका रीतीने जोडल्या तर पल्ला वाढतो, दुसऱ्या रीतीने जोडल्या तर जोर वाढतो. काठावर उभे राहून रेडिओने चालवावयाची छोटी बोट जो हौसेने बांधतो, त्याच्यापुढे यांतले काय निवडावे, हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

हा नाद काही कालपरवाचा नव्हे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी लहानशी बोट लोकांना दाखविली. तिच्याही पोटात बॅटऱ्याच होत्या.

आता हिशोब पाहू. निकेल-मेटल हायड्राइड जातीचा एक घट सुमारे १.२ व्होल्ट दाब देतो. असे सहा घट ओळीने जोडले की ७.२ व्होल्टची बॅटरी होते. तिची साठवण ३ अँपिअर-तास आहे असे समजा. अशा दोन बॅटऱ्या आपल्याजवळ आहेत. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले आणि उरलेली दोन टोके मोटारीकडे नेली, की झाली एकसर जोडणी. दाब १४.४ व्होल्ट, साठवण मात्र ३ अँपिअर-तासच. उलट धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडले, की झाली समांतर जोडणी. दाब ७.२ व्होल्टच, पण साठवण ६ अँपिअर-तास. एकूण ऊर्जा दोन्हीकडे सारखीच. फुकट काही मिळत नाही!

मोटार १२ अँपिअर घेत असेल, तर एका बॅटरीवर बोट पंधरा मिनिटे चालेल. समांतर जोडीवर अर्धा तास. मग एकसर जोडणीने काय होते? दाब दुप्पट झाला म्हणजे पंखा जवळजवळ दुप्पट फिरू पाहतो; पण पाणी काही हवेसारखे बाजूला सरत नाही. पंख्याला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाह कागदावर चौपट, ४८ अँपिअर! प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, पण मोटार आणि वेगनियंत्रक जाळायला तेवढाही पुरे. बोटीचा वेग मात्र दुप्पट होईलच असे नाही. म्हणून एकसर जोडणीपूर्वी या दोघांवर लिहिलेली मर्यादा वाचावी, आणि पंखा लहान घ्यावा.

आता जोडीच्या निवडीविषयी. खोंडाबरोबर थकलेला बैल जुंपू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बॅटऱ्याही एकाच जातीच्या, एकाच साठवणीच्या, एकाच वयाच्या आणि सारख्याच भरलेल्या असाव्यात. एकसर जोडणीत दुबळी बॅटरी आधी रिकामी होते, आणि दुसरी तिच्यातून उलटा भार ढकलीत राहते. तिचे घट त्यातच खराब होतात. समांतर जोडणीत धोका याहून तातडीचा. लिथियमची दोन घटांची एक बॅटरी ८.४ व्होल्टला, दुसरी ७.४ व्होल्टला आहे. दोघींचा अंतर्गत रोध मिळून ०.०४ ओहम धरा. जोडता क्षणी एकीतून दुसरीत २५ अँपिअर धावतील, आणि मोटार तर अजून सुरूही झालेली नाही! लिथियमची बॅटरी अशा माऱ्याने पेट घेऊ शकते. तेव्हा जोडण्यापूर्वी दोघींचे व्होल्ट मीटरने मोजा. प्रत्येकीच्या धन तारेत, टोकाशेजारीच, वेगळा फ्यूज घाला. चार्ज करताना दोघींना सोडवून वेगवेगळे करा.

जोडीचा आणखी एक फायदा आहे. दोन बॅटऱ्या बोटीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या की तोल राहतो. त्या पट्ट्यांनी घट्ट बांधाव्यात, आणि तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंच ठेवाव्यात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ बोटींत रेडिओच्या ग्राहकालाही मुख्य बॅटरीतूनच वीज मिळते. ती संपली की मोटार थांबते आणि सुकाणूही ऐकेनासे होते. ग्राहकासाठी चार घटांची, ४.८ व्होल्टची निराळी बॅटरी ठेवणे बरे. मात्र मग वेगनियंत्रकाकडून ग्राहकाला वीज आणणारी लाल तार सोडवून ठेवावी. आणि तरीही बोट तळ्याच्या मध्यावर थांबलीच, तर तिच्यामागे पाण्यात उतरू नका, मुलांना उतरू देऊ नका. तळ्याचा गाळ आणि शेवाळ वरून दिसत नाही. लांब दोरीला चेंडू बांधून तो बोटीपलीकडे फेका आणि दोरीने तिला ओढून घ्या, किंवा वारा तिला काठाला लावीपर्यंत थांबा. त्याहून उत्तम म्हणजे घड्याळ लावून बसावे. हिशोबाने अर्धा तास निघत असेल, तर विसाव्या मिनिटाला बोट काठाकडे वळवावी.