कराडीची झोपडी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



सुट्टी आली की आपण सुरतकर दांडी, उभराट किंवा तिथलचा समुद्र गाठतो. मुक्काम करायचा तर पहिली चौकशी एसीची आणि गरम पाण्याची! म्हणून आज त्याच किनाऱ्यावरच्या एका वेगळ्या मुक्कामाविषयी बोलतो.

६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचलल्यानंतर गांधीजी जवळच्या कराडी गावी आले आणि झावळ्यांच्या झोपडीत सुमारे तीन आठवडे राहिले. तेव्हा हा भाग सुरत जिल्ह्यातच होता. देशभरच्या सत्याग्रहाची सूत्रे या झोपडीतून हलत होती. धारासणाच्या मिठागरावर जाण्याचा बेतही इथेच ठरला.

४ मेची मध्यरात्र उलटल्यावर सुरतचे जिल्हा मॅजिस्ट्रेट सशस्त्र पोलीस घेऊन झोपडीशी आले. गांधीजींनी दात घासायला वेळ मागून घेतला आणि पंडित नारायण मोरेश्वर खरे यांना भजन म्हणायला सांगितले. मग ते येरवड्याच्या तुरुंगाकडे निघाले.

हे खरेशास्त्री आपले मराठी; विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि दांडीयात्रेतले सोबती. त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर, गुजराती माणसाला, गुजराती भजनाने निरोप देणारा कंठ मराठी होता. आपणही पोटापाण्यासाठी इथे आलो. या भूमीशी आपले नाते एवढे जुने आणि जवळचे आहे, हे आपल्या मुलांना कळायला हवे.

यंदाची मंडळाची सहल कराडीला नेऊ या. मुलांना तिथे बसवू आणि सगळे मिळून एक भजन म्हणू.

गणपती बाप्पा मोरया!