खेळण्यातला माणूस



माझ्यासारख्याला या व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो संपाविषयीच बोलणार, अशी आपली अटकळ असेल. पण आज मी एका बाहुल्याविषयी बोलणार आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. हाती पडेल ते शेवटपर्यंत वाचायचे, ही खोड तिथलीच. भाच्याने ‘रॉम’ नावाच्या अमेरिकन चित्रकथेचे जाडजूड खंड आणून दिले, तेव्हा शेजारी शब्दकोश घेऊन मी सगळे ७५ अंक वाचून काढले.

१९७९ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने रॉम बाजारात आणला. ‘मोनॉपली’सारखे बैठे खेळ विकणारी ही कंपनी. रॉम म्हणजे लाल डोळे लुकलुकणारा, बॅटरीवर चालणारा बाहुला. त्याची चित्रकथा काढली मार्व्हल कंपनीने. बाहुला बाजारात टिकला नाही. चित्रकथा मात्र १९८६ पर्यंत चालली.

हे कसे घडले? कंपनीजवळ होते प्लास्टिक. त्यात जीव घातला बिल मँटलो या लेखकाने. सगळे अंक त्यानेच लिहिले. पण हक्क कंपन्यांचे, त्यामुळे एकत्रित खंड निघायला २०२४ साल उजाडले. जीव घालणारा एक आणि धनी दुसरा, हे आपणांस नवे नाही.

मँटलोने ठरवले की चिलखताच्या आत माणूस आहे. आपल्या ग्रहाच्या रक्षणासाठी त्याने देह यंत्राला दिला, तो लढाई संपल्यावर माणूसपण परत मिळेल या आशेवर. गिरणीला कान आणि फुफ्फुसे देऊन आलेल्या बापाचा मी मुलगा. मला ही गोष्ट परकी वाटली नाही.

रॉम वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेअरटन गावी उतरतो. त्याचे शत्रू, म्हणजे रेथ, माणसांची रूपे घेऊन तिथे राहत असतात. रॉमजवळ एक दिवा आहे. त्याचा उजेड पडला की खरे रूप दिसते. मग दुसऱ्या यंत्राने तो शत्रूला दुसऱ्या लोकात हाकलतो. गावाला मात्र एवढेच दिसते, की हा राक्षस आपले शेजारी जाळतो आहे.

इथे मी पुस्तक मिटले. ऐन तिशीत मी एक संप चालवला. आतल्या गोष्टी व्यवस्थापनाला कळू लागल्या, तेव्हा आम्ही एका सोबत्यावर संशय घेतला. तो साहेबाशी दोनदा बोलताना दिसला होता, एवढाच पुरावा. त्याच्याशी बोलणे बंद, त्याच्या हातचा चहा बंद. बोट पहिल्यांदा दाखवले ते मी. पुढे कळले, बायकोच्या दुखण्यासाठी तो उचल मागायला गेला होता. तोवर तो गाव सोडून गेला होता. आमच्याजवळ दिवा नव्हता, पण तो असल्यासारखे आम्ही वागलो.

आणि दिवा असता तरी काय झाले असते? याच कथेत एक रेथ माणसाच्या मुलीवर जीव लावतो, लग्न करतो आणि शेतीवाडी करून शांतपणे राहू पाहतो. दिव्यात तोही रेथच दिसणार! दिवा जात दाखवतो, मन दाखवत नाही. एक पुरी जमातच जन्मतः दुष्ट, ही या कथेतली मला न पटणारी गोष्ट. पण लेखकालाही ती पुरती पटली नसावी, असे हे प्रकरण वाचताना वाटते.

बाहुल्याबरोबर तिसरे एक यंत्र मिळत असे, दुभाष्याचे. परक्याची भाषा त्याने कळते. दिवा आणि हत्यार यांच्या गडबडीत त्याच्याकडे लक्ष कमीच जाते. मला कोणी विचारले, तर मी तेवढेच मागून घेईन. त्या सोबत्याला आमच्यापैकी एकाने जरी विचारले असते, “काय रे, घरी सगळे ठीक आहे ना?” तर एक माणूस वाचला असता.

शेवटच्या अंकात रॉमला माणूसपण परत मिळते. आम्हांला ते मागून मिळत नाही, रोज थोडे थोडे कमवावे लागते.