गोळी तीच, वजन वेगळे

मलेरियाची गोळी संधिवाताला कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. काही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. ल्युपस आणि आमवातसदृश संधिवात हे त्यांतले ठळक. 1894 साली पेन या इंग्रज डॉक्टरांनी ल्युपसला क्विनाइन दिले, 1951 मध्ये पेज यांनी मेपाक्रिन या मलेरियाच्याच औषधाचा गुण नोंदवला आणि 1955 मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला मान्यता मिळाली. हे औषध प्रतिकारशक्ती दडपत नाही, तिचा अतिरेक आवरते. ते गरोदरपणातही चालू ठेवता येते. या गोळीचा कच्चा माल आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशातल्या रतलामला तयार होतो. तेव्हा अडचण औषध मिळण्याची नाही. ते कोणाला किती द्यायचे, याची आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या औषधाची सुरक्षितता पहिल्या दिवशी वजनकाट्यावर ठरते. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये मर्यादा सांगितली: प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला रोज 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. आपली नेहमीची गोळी 200 मिलिग्रॅमची असते आणि ‘सकाळ-संध्याकाळ एकेक’ ही चिठ्ठी सर्रास लिहिली जाते. 80 किलोच्या माणसाला ती बरोबर बसते. पण संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीत राबणारी 42 किलोची बाई घ्या. तिची मर्यादा 210 मिलिग्रॅम, म्हणजे रोज एक गोळी. दोन घेतल्या की प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, आणि हे आजार बायकांनाच अधिक होतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2361 रुग्णांच्या अभ्यासात मर्यादेतल्या मात्रेवर पहिल्या 10 वर्षांत डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत होते. 20 वर्षांनंतर मात्र ते 20 टक्क्यांच्या घरात गेले. झालेली इजा भरून येत नाही. औषध थांबवल्यावरही ती कधी कधी वाढत राहते.

यावर पहिला आक्षेप असा: डोळे जाण्याची भीती असेल तर गोळी घ्यावीच कशाला? 1991 मध्ये कॅनडात 47 स्थिर ल्युपस रुग्णांचा अभ्यास झाला. काहींची गोळी चालू राहिली, काहींना तिच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. सहा महिन्यांत दुसऱ्या गटात आजार उसळण्याचा धोका अडीचपट निघाला. ल्युपसचा एक झटका मूत्रपिंड निकामी करू शकतो. शिवाय या औषधाला गुण दाखवायला तीन ते सहा महिने लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून ते सोडून मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडवर राहणे, हे मला फार घातक वाटते. आराम लगेच पडतो, पण हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि अंतराचा. पडद्याची तपासणी म्हणजे चष्म्याचा नंबर काढणे नव्हे. इजा सुरू झाली तरी रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. ती वेळेत ओळखायला ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी, आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी लागते. आशियाई रुग्णांत इजा बरेचदा मध्यापासून थोडी दूर सुरू होते, म्हणून क्षेत्र रुंद तपासावे लागते. पण ही पायपीट दरमहा नाही. पहिल्या वर्षात एकदा, आणि मूत्रपिंड ठीक असेल, स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन चालू नसेल, मात्रा मर्यादेत असेल, तर पाच वर्षांनंतर दरवर्षी एकदा. पांढुर्णा इटारसी-नागपूर रेल्वेवर आणि सौसर छिंदवाडा-नागपूर मार्गावर आहे. वर्षातून एक नागपूर फेरी अशक्य नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर औषध रक्तात साठते, मात्रा आणखी उतरवावी लागते. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी इथेच, नियमाने व्हावी.

2020 च्या मार्चमध्ये कोविडच्या भीतीने हीच गोळी दुकानांतून गायब झाली आणि तिच्यावर जगणारे ल्युपसचे रुग्ण हवालदिल झाले. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले की, रुग्णालयातल्या कोविडरुग्णांना तिचा उपयोग नाही. घरात उरलेल्या गोळ्या असतील तर त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका; दोन-चार गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा चिठ्ठीवर आजच्या तारखेचे वजन लिहून घ्या. आजारात वजन उतरले असेल, तर मात्राही पुन्हा ठरवावी लागेल.