बंद दार आणि खुले सभागृह
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आपल्या रुग्णालयात डॉक्टरांची मासिक बैठक बंद दाराआड होते. आषाढी वारीपूर्वीचे आरोग्य व्याख्यान मात्र सर्वांसाठी खुले असते. दोन्ही एकत्र का करीत नाही, असे काही देणगीदारांनी विचारले. त्याचे उत्तर देणे मी कर्तव्य समजतो.

व्याख्यानात आम्ही खात्रीचे तेवढेच सांगतो : पाणी उकळून प्यावे, जुलाब होताच जलसंजीवनी द्यावी. बैठकीत मात्र शंका मांडल्या जातात. "माझे निदान चुकले" असे तेथे निःसंकोच म्हणता आले पाहिजे. समोर रुग्णाचे शेजारी बसलेले असतील, तर कोणी तसे म्हणणार नाही आणि तीच चूक पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येईल.

दुसरे कारण रुग्णाच्या अब्रूचे. पंढरपुरासारख्या गावात नाव झाकले, तरी गल्ली आणि व्यवसाय सांगताच माणूस ओळखू येतो. डॉक्टरांच्या एका मोबाइल गटावर सल्ल्यासाठी पाठविलेले एका भगिनीचे छायाचित्र सायंकाळपर्यंत गावभर फिरल्याचे मी पाहिले आहे. हेतू चांगला होता. पण ती भगिनी पुन्हा उपचारांस आली नाही.

ही जाण आपल्या गावाला नवी नाही. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी येथे अनाथ अर्भकांसाठी आश्रम काढला. तेथे मूल सोपविणाऱ्या विधवेचे नाव चव्हाट्यावर आले असते, तर दुसरी कोणी ती पायरी चढली असती काय?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी रुग्णाची गुपिते जपण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या कायद्याने ते अधिक काटेकोर केले. मात्र त्याच २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. म्हणजे आमचे बंद दार लोकांच्या कुतूहलासाठी आहे, रुग्णाच्या हक्कासाठी नव्हे.

सहकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे, की बैठकीतील शब्द आणि गटावरील छायाचित्र उंबरठ्याबाहेर जाऊ देऊ नये. रुग्ण आपले दुखणे विश्वासाने आपल्या हाती सोपवितो. तो विश्वास हीच या संस्थेची खरी ठेव आहे.