घरांतील रेकॉर्डर : त्याचीं दुखणीं व त्याची निगा

घरांतील घड्याळ बंद पडलें तर घड्याळजी तें उघडतो, साफ करतो आणि परत देतो. घरच्या मंडळींचें त्यांत कांहीं सांठवलेलें नसतें. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या रेकॉर्डरची गोष्ट निराळी आहे. तो बिघडला म्हणजे महिनोन्‌महिने त्यांत जमविलेलें सारें धोक्यांत येतें, आणि पुष्कळदां बिघाडापेक्षां उतावळ्या उपायानेंच अधिक हानि होते. म्हणून या यंत्राच्या दुखण्यांची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, हें प्रत्येक घरांत ठाऊक असणें इष्ट आहे.

हें यंत्र वयानें लहानच आहे. टीव्हो व रिप्ले टीव्ही या नांवांचे रेकॉर्डर अमेरिकेंत १९९९ सालीं बाजारांत आले. भारतांत टाटा स्काय या कंपनीनें २००८ सालीं रेकॉर्डरची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स आणला. पूर्वीं व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर जें काम होई, तें यांत हार्ड डिस्कच्या चकतीवर होतें. ही चकती सामान्यतः मिनिटाला ५,४००, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. तिच्यावर लिहिणारा व वाचणारा सूक्ष्म भाग तिला न टेकतां तरंगत असतो. हल्लींच्या चकत्यांत हें अंतर दहा नॅनोमीटरहूनहि कमी असतें, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. शिवाय पुष्कळ रेकॉर्डर चालू वाहिनी सतत टिपीत असतात. त्यामुळेंच चालू कार्यक्रम मध्येंच थांबवून पुढें पाहतां येतो. अर्थात् कोणी मुद्रण सांगितलेलें नसलें तरी चकतीचें काम चालूच असतें. असल्या नाजूक आणि अखंड कामाला उष्णता, हादरा व अकस्मात् जाणारी वीज यांपासून जपावें लागतें.

आतां परीक्षेचा क्रम. तो बाहेरून आंत असावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणत्या ठिकाणीं होता तें कधींच कळत नाहीं. पडद्यावर चित्र नसेल तर प्रथम रेकॉर्डरची सूची पडद्यावर येते कीं नाहीं, तें पाहावें. सूची येते पण वाहिनी दिसत नाहीं, तर दोष डिशचा किंवा तिच्या केबलचा. सूचीहि येत नाहीं, तर एचडीएमआय केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे ना, आणि टीव्हीवर योग्य जोडणी निवडली आहे ना, हें पाहावें. रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर त्याचें टोक धरून बटण दाबावें. डोळ्यांना न दिसणारा त्याचा प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत फिकट जांभळा दिसतो. तो दिसला तर रिमोट प्रकाश टाकीत आहे आणि दोष पलीकडे आहे, असें समजावें.

मुद्रण पाहतांना चित्राचे चौकोन होऊन तें अडखळत असेल, तर एक सोपी कसोटी आहे. जुनीं मुद्रणें स्वच्छ चालतात आणि कालचेंच तेवढें खराब आहे, तर काल संदेश नीट येत नव्हता. डिशला मिळणारा संदेश केयू (Ku) बँडचा असतो व मुसळधार पाऊस तो शोषून घेतो. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्यांतील कित्येक मुद्रणें यामुळेंच तुटतात. त्यांत यंत्राचा अपराध नसतो. मार्चच्या व ऑक्टोबरच्या सुमारास कांहीं दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागें येतो, तेव्हांहि कांहीं मिनिटें संदेश लोपतो. परंतु चालू वाहिनी स्वच्छ असून जुनीं-नवीं सगळींच मुद्रणें अडखळूं लागलीं, किंवा यंत्रांतून टक्‌-टक्‌ असा आवाज येऊं लागला, तर संशय चकतीकडे वळवावा.

यंत्र बंद करून पुन्हां चालू करण्याचा उपाय सर्वांना माहीत आहे, पण त्यालाहि रीत आहे. मुद्रण चालू असेल तर तें पुरें होऊं द्यावें, रिमोटनें यंत्र निद्रिस्त करावें, मग भिंतीवरचा खटका बंद करून मिनिटभर थांबावें आणि पुन्हां चालू करावें. सुरू व्हावयास त्याला कांहीं मिनिटें लागतात. तेवढ्यांत अधीरतेनें पुन्हां वीज तोडूं नये. चकतीवर लिहिणें चालू असतां वीज गेली तर कोणता कार्यक्रम कोठें आहे ही नोंदच विस्कटण्याचा संभव असतो. जेथें वीज वरचेवर जाते तेथें रेकॉर्डर इन्व्हर्टरवर घ्यावा.

निगा राखणें यापेक्षांहि सोपें आहे. बंद कपाटांत, भरतकामाच्या आच्छादनाखालीं किंवा दुसऱ्या तापणाऱ्या यंत्रावर रेकॉर्डर ठेवूं नये. वीजपुरवठ्याच्या भागांत कपॅसिटर असतात. उष्णता १० अंश सेल्सिअसनें वाढली कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. ते फुगले म्हणजे यंत्र पुनःपुन्हां आपोआप बंद-चालू होऊं लागतें, आणि दोष उगाच चकतीच्या माथीं येतो. महिन्यांतून एकदां प्लग काढून हवेच्या छिद्रांवरील धूळ मऊ ब्रशनें काढावी. झांकण मात्र घरीं उघडूं नये. प्लग काढल्यावरहि आंत कांहीं काळ विजेचा भार राहतो.

जागेचा हिशेबहि ठेवावा. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर तासाला ३.६ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ५०० गिगाबाइटच्या चकतीवर १४० तासहि मावत नाहींत. जागा संपली कीं पुष्कळ यंत्रें सर्वांत जुनें मुद्रण आपोआप पुसतात. जें राखावयाचें त्यावर तशी खूण करण्याची सोय असते, ती वापरावी.

सर्वांत शेवटचा उपाय म्हणजे चकती फॉरमॅट करणें. कारागीर तो सहज सुचवितो, कारण त्यानें यंत्र बहुधा चालू होतें. पण आंतलें सारें जातें. एखाद्या घरांत आजोबांचें दूरदर्शनवरील भाषण टिपलेलें असतें. आजोबा आतां हयात नाहींत, आणि त्यांचा आवाज तेवढ्या एका चकतीवर उरलेला असतो. सशुल्क वाहिन्यांच्या यंत्रांत मुद्रण सहसा कुलूपबंद व त्याच यंत्राशीं बांधलेलें असतें, म्हणून चकती काढून दुसऱ्या यंत्रांत घातली तरी तें उघडत नाहीं. तेव्हां यंत्र कारागिराच्या हातीं देण्यापूर्वीं, चालत असेल तोंवरच, असा भाग पडद्यासमोर मोबाइल ठेवून टिपून घ्यावा, किंवा त्या वाहिनीकडे प्रतीची विचारणा करावी. मोबाइलवरची प्रत ओबडधोबड असली तरी नसण्यापेक्षां पुष्कळ बरी. १९६९ सालीं अपोलो ११ मधील मनुष्य चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हां वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाला २००९ सालीं जाहीर करावा लागला. तीं चित्रें आज पाहावयास मिळतात, तीं प्रक्षेपणाच्या प्रती इतरत्र जपल्या गेल्या म्हणून.

रेकॉर्डर हें कांहीं दिवस ठेवण्याचें पात्र आहे, पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची पेटी नव्हे. त्यांतील यादी सुट्टीच्या एखाद्या दिवशीं घरच्या सर्वांनीं मिळून वाचावी. पाहून झालेलें पुसावें, आणि पुन्हां कोठेंहि मिळणार नाहीं असें जें असेल त्याची दुसरी प्रत त्याच दिवशीं करून ठेवावी. हें एकदां झालें म्हणजे यंत्र बिघडलें तरी घरांतील माणसांची झोंप उडत नाहीं.