हवेतील ओलावा आणि ठिणगीची चाचणी

घर्षणाने अंगावर साठलेला विद्युतभार धातूला हात लागताच ठिणगीच्या रूपाने निसटतो, आणि ती ठिणगी बोटाला जाणवते तेव्हा विद्युतदाब साधारणपणे 3,000 व्होल्टच्या घरात गेलेला असतो. काही नाजूक चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी, म्हणजे काही शे व्होल्टच्या दाबानेही निकामी होतात. यासाठी उपकरणांवर मुद्दाम ठिणगी पाडून पाहिली जाते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या 61000-4-2 या मानकातील चाचणी-पिस्तुलात 150 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि 330 ओहमचा रोध असतो, व हे दोन्ही मिळून हातात किल्लीसारखी धातूची वस्तू धरलेल्या माणसाची जागा घेतात.

पिस्तुलाचे टोक धातूला टेकवून, आतील रिलेच्या साह्याने भार सोडला, तर आर्द्रतेचा प्रभाव फारसा उरत नाही. परंतु जेथे प्लॅस्टिकचे आवरण असते तेथे गोल टोक वेगाने जवळ नेऊन हवेतूनच ठिणगी पाडावी लागते, आणि तेथे हवा हीच चाचणीचा एक घटक बनते. हवा कोरडी असेल तर ठिणगीला आरंभ करून देणारा पहिला मुक्त इलेक्ट्रॉन उशिरा मिळतो, तोवर टोक आणखी जवळ पोहोचलेले असते, ठिणगी आखूड पडते, आणि प्रवाह अधिक मोठा व अधिक झपाट्याने चढणारा होतो. मंडलांना खरी बाधा होते ती या झपाट्याने. दमट हवेत ठिणगी लांबूनच पडते, म्हणून सौम्य असते. शिवाय प्लॅस्टिकवर बसलेला पाण्याचा अतिसूक्ष्म थर भार पसरवून ओसरू देतो.

सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, या चाचणीच्या वेळी 30 ते 60 टक्के असावी, असे मानक सांगते. ही मर्यादा ऐसपैस आहे. 55 टक्क्यांना टिकलेले उपकरण 32 टक्क्यांना कोलमडू शकते, आणि दोन्ही चाचण्या नियमाला धरूनच असतात. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता 80 टक्क्यांपलीकडे असते, तर उन्हाळ्यातील दुपारी नागपूरला ती 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे उपकरणाला ज्या हवेत राहायचे आहे ती चाचणीच्या खोलीतील हवेहून कितीतरी कोरडी असू शकते. म्हणून चाचणी घेणाऱ्यांनी परवानगीच्या खालच्या टोकाशी, 30 टक्क्यांच्या जवळपास, उपकरण तपासावे, आणि ते विकत घेणाऱ्या संस्थांनी अहवालातील व्होल्टच्या आकड्याशेजारी आर्द्रतेचा आकडाही आवर्जून पाहावा.