राजीनामा लिहून देण्याआधी

(पुण्यात तरुण नोकरदारांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, कॉलेजातून बाहेर पडल्यापासून हेच काम करतोय. आजचा विषय आहे, नोकरीवरून काढलेल्यांनी आधीच्या कंपनीविरुद्ध कारवाई करावी का? २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार लोक, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून हा प्रश्न पुण्यात घराघरात आहे. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या घरात तो आजही असेल. मला बोलवलं ते मी वकील आहे म्हणून नव्हे. २०२३ मध्ये मलाही काढलं होतं, आणि तेव्हा मी एक मोठी चूक केली होती. ती आधी सांगतो.

त्या दिवशी सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. विषयाच्या जागी काही नव्हतं. आत गेलो तर एचआरची एक बाई आणि माझ्या मॅनेजरचा मॅनेजर. माझा मॅनेजर नव्हता. मला सांगण्यात आलं की प्रोजेक्ट बंद होतंय, तुमच्यासाठी दुसरी जागा नाही. दोन मार्ग आहेत. संध्याकाळपर्यंत स्वतः राजीनामा द्या, आम्ही दोन महिन्यांचा पगार देऊ, चांगलं पत्र देऊ. नाही दिलात तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, मग पुढच्या कंपनीनं चौकशी केली की तेच दिसेल.

सात वर्षं मी तिथं काम केलं होतं. घराचा हप्ता सुरू होता, मुलगी बालवाडीत होती. पाऊण तासात मी पोर्टलवर राजीनामा टाकला. कारण निवडायचं होतं, त्यात ‘कंपनीनं काढलं’ असा पर्यायच नव्हता. मी ‘वैयक्तिक कारण’ निवडलं. कुणी हात धरून निवडायला लावलं नाही. माझ्याच बोटानं निवडलं.

त्याच दिवशी त्याच खोलीत माझी एक सहकारी गेली. तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, “मला नोकरी सोडायची नाही. तुम्ही काढत असाल तर तसं लेखी द्या.” एवढंच. आवाज चढवला नाही, भांडली नाही. दहा दिवस तिला रोज फोन आले. अकराव्या दिवशी तिला पत्र मिळालं की पद कमी करण्यात आलं आहे.

आता फरक बघा. माझा फुल अँड फायनलचा हिशेब आला. तोंडी कबूल केलेला दोन महिन्यांचा पगार त्यात नव्हता. उलट मी ‘स्वतःहून’ राजीनामा दिला आणि नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण केली नाही, म्हणून तीन महिन्यांचा पगार माझ्याकडूनच वसूल दाखवला होता. ग्रॅच्युइटी त्यासाठी अडवून ठेवली होती. मी एचआरला फोन केला. ती बाई नम्रपणे म्हणाली, “सर, सिस्टिममध्ये रेझिग्नेशन आहे ना.” तिचंही बरोबर होतं. कागदावर माझी कपात झालीच नव्हती.

मित्रांनो, आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यात आहे. कारवाई करावी की नाही हे आपण नोकरी गेल्यावर ठरवायला बसतो. खरं तर ते त्या खोलीतल्या पाऊण तासातच बरंचसं ठरलेलं असतं.

मी कामगार खात्याकडे अर्ज करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध घरातून झाला. माझे अब्बा मुंबईत गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. वर्षभर वाट बघून ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले, ते कायमचे. ते मला म्हणाले, “आम्ही अडीच लाख होतो, तरी काय मिळवलं? तुम्ही तिघं काय करणार? आणि आपण आधीच लोकांच्या नजरेत असतो. आपण कशाला पुढं व्हायचं?”

या दोन्ही गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. आपल्यापैकी अनेकांना नोकरी मिळतानाच नावामुळे चार मुलाखती जास्त द्याव्या लागल्यात. त्यात ‘तक्रारखोर’ हा शिक्का आणखी कुणाला हवा? मी अब्बांना विचारलं, “संप हरला हे खरं, पण तुमच्या आठ वर्षांच्या नोकरीचा हिशेब, तुमची ग्रॅच्युइटी, ती तुम्ही घेतलीत का?” ते गप्प बसले. मग म्हणाले, “कोण जाणार परत त्या दारात?” ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा आहे. ते गावी आले तेव्हा तो दहा वर्षं लागू होता. संप ही एक गोष्ट आणि केलेल्या कामाचा हिशेब मागणं ही दुसरी. अब्बांनी संप हरला म्हणून हिशेबही सोडून दिला. मला ते परत करायचं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘कारवाई’ या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या सुट्या केल्या तर उत्तर सोपं होतं.

पहिली गोष्ट, थकलेले पैसे. पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ. ही मेहेरबानी नाही, आपण आधीच कमावलेली रक्कम आहे. ती मागावी का, हा प्रश्नच नको. मागायचीच. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या हिशेबानं ग्रॅच्युइटी मिळते आणि ती तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासह. नोटीस पूर्ण केली नाही म्हणून ती अडवता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटली, मग काढलं असो की राजीनामा असो, पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. पंचेचाळीस दिवस थांबा, असं एचआर सवयीनं सांगतं. त्यांना ही तरतूद लेखी विचारा.

दुसरी गोष्ट, कपातीची भरपाई. नोकरकपात करणं हा गुन्हा नाही. हे आपण रागाच्या भरात विसरतो. कायदा कपात करू देतो, पण तिची किंमत ठरवून देतो. वर्षभर सलग काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय नव्या संहितेत नवं कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचा पगार वेगळा, कपातीपासून पंचेचाळीस दिवसांत खात्यात जमा व्हायला हवा. पण हे सगळं ‘काढलं’ असेल तर. ‘सोडली’ असेल तर यातलं काही नाही. आपल्याकडून राजीनामा का लिहून घेतात, हे आता लक्षात येईल.

इथं नेहमी एक शंका येते. हे कायदे कामगारांचे, आपण तर इंजिनियर. मलाही असंच वाटायचं. पण कायद्यात कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम, कुशल काम आहेच. वगळलेत ते प्रामुख्यानं व्यवस्थापकीय काम करणारे, आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगाराचे सुपरवायझर. ही मर्यादा पूर्वी १० हजार होती, आता १८ हजार आहे. जो दिवसभर कोड लिहितो, टेस्टिंग करतो, त्याला ही पगाराची मर्यादा लागू नाही. पदाच्या नावात ‘मॅनेजर’ आहे एवढ्यानंही माणूस व्यवस्थापक होत नाही. तो खरोखर काय काम करतो ते पाहिलं जातं. कुणाला रजा मंजूर करायचा, कामावर घ्यायचा, काढायचा अधिकार तुम्हाला होता का? नसेल तर तुमची बाजू मांडता येते.

तिसरी गोष्ट, नोकरी परत मिळवणं. इथं मात्र मी सावध बोलेन. चेन्नईत टाटा कन्सल्टन्सीनं २०१५ मध्ये काढलेल्या एका कर्मचाऱ्याचा खटला प्रसिद्ध आहे. कंपनी म्हणत होती हा मॅनेजर, हा कामगार नाहीच. कामगार न्यायालयानं ते मानलं नाही, २०२२ मध्ये त्याला परत घ्यायला सांगितलं. आयटीतल्या प्रत्येकानं हा निकाल माहीत करून घ्यावा. पण आकडा पण बघावा, सात वर्षं. तेवढ्या काळात आपल्या क्षेत्रात तंत्रज्ञान दोनदा बदलतं. ज्याच्यावर आईवडील, मुलं अवलंबून आहेत त्यानं या वाटेला जाताना पोटापाण्याची दुसरी सोय आधी करावी. नाही गेला तर त्याला भित्रा म्हणू नये. मी स्वतः नोकरी परत मागितली नाही. मला त्या खोलीत परत बसायचंच नव्हतं.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. आम्ही तिघांनी एकाच दिवशी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिले. तिथं आधी तडजोडीची बैठक होते, समेट अधिकारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो. या टप्प्यावर वकील उभा करण्याचा हक्क कुणालाच नाही, कंपनीलाही नाही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर माझी निम्मी भीती गेली असती. मी समजत होतो समोर मोठमोठे वकील असतील. समोर होता माझ्याच वयाचा एचआरचा मुलगा, त्याच्या हातात आमच्या फायली, आणि त्यालाही घाम आलेला.

पाच महिने गेले, चार तारखा पडल्या. एका तारखेला कंपनीकडून कुणी आलंच नाही. शेवटी मला ग्रॅच्युइटी मिळाली, रजेचे पैसे मिळाले, नोटिशीची वसुली मागे घेतली गेली, रिलीव्हिंग लेटर मिळालं. कपातीची भरपाई मिळाली नाही. अधिकाऱ्यांनी माझा राजीनामा समोर ठेवला आणि विचारलं, “हे तुम्हीच लिहिलंय ना?” माझ्याकडे दबाव टाकल्याचा एकही कागद नव्हता. माझ्या त्या सहकारीला भरपाईही मिळाली. तिची नोकरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी होती, तरी हातात माझ्यापेक्षा जास्त पैसे आले.

आणि हो, आम्हा तिघांनाही पुढं नोकऱ्या लागल्या. मला चार महिने लागले. अर्ज प्रलंबित असतानाच लागली. पुढच्या कंपनीनं चौकशी केली ती तारखांची आणि पदाची. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल अशी हमी मी देत नाही. पण कामगार खात्यातला अर्ज म्हणजे पोलीस केस नव्हे, एवढं तरी घरच्यांना समजावून सांगा.

एका गोष्टीची मात्र लाज वाटते, ती बोलतो. त्याच महिन्यात आमच्या मजल्यावरची साफसफाईची आणि पॅन्ट्रीतली माणसंही कमी झाली. ती ठेकेदाराची होती. मजला रिकामा झाला, तर चहा कुणाला द्यायचा? आम्ही तिघं अर्जाची तयारी करत होतो तेव्हा त्यांना विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. कारण आम्ही इंजिनियर आणि ते कामगार, ही रेघ आमच्या मनात तेव्हाही होती. त्यांना नोटीस नव्हती, पत्र नव्हतं, बहुतेकांना आपला पीएफ भरला जातो का हेही ठाऊक नसावं. आपण न्याय मागतो तेव्हा तो आपल्यापुरता मागतो का, हे आपण तपासायला हवं. पुढच्या वेळी निदान त्यांचा पीएफ ऑनलाइन बघून द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटी, कामाचं तेवढं सांगतो.

मीटिंगमध्ये बोलावलं तर तिथल्या तिथं काही लिहून देऊ नका. “मला वेळ हवा, जे सांगायचं ते मेलवर सांगा,” एवढं म्हणा. बाहेर आल्यावर लगेच तुम्हीच मेल टाका, आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी स्वेच्छेनं नोकरी सोडत नाही. त्याची प्रत आपल्या खासगी मेलवर घ्या. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, कामाचे वार्षिक शेरे लॅपटॉप परत करायच्या आधी काढून ठेवा. पण कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती चुकूनही घेऊ नका, नाहीतर आपलीच बाजू पडते. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा कागदावर सही करण्याआधी आपली रक्कम स्वतः मोजा. देऊ केलेली रक्कम कायद्यापेक्षा जास्त असेल तर सही करण्यात काही कमीपणा नाही. कमी असेल तर करू नका. आणि वेळ घालवू नका. नव्या संहितेप्रमाणे तंटा उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही.

शक्य असेल तर एकटे जाऊ नका. तिघं गेलो म्हणून आम्ही चार तारखांना टिकलो. एकटा असतो तर दुसऱ्या तारखेनंतर मी घरी बसलो असतो.

ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला तेव्हा मी तो अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून रक्कम वाचली आणि विचारलं, “भरपाईचे मिळाले नाहीत म्हणालास ना? मग ते का सोडलेस?” त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असावं, म्हणून हे सगळं सांगितलं.

इथं कुणाला अशी मीटिंग आली असेल तर चहाच्या वेळेत मला भेटा, कागद घेऊन बसू.